अर्ज भरा, पण कागद हातात धरून

पोरांनो, जाहिरात निघाली की तुमचा अभ्यास जोरात सुरू होतो आणि अर्ज मात्र अंतिम दिनांकाच्या आदल्या रात्री भरला जातो. आठवेल ते लिहिता आणि कुठे कमी पडलं की थोडं वाढवता. माझी सारी नोकरी आस्थापना शाखेत, उमेदवारांची कागदपत्रं तपासण्यात गेली. म्हणून चार गोष्टी सांगतो, गाठीला बांधून ठेवा.

पहिली, अर्हतेची. परीक्षा दिली म्हणजे पदवी मिळाली असं नाही. जाहिरातीत सांगितलेल्या दिनांकापर्यंत निकाल लागलेला हवा. शेवटच्या वर्षाला असाल आणि तशी मुभा असेल, तर तसंच लिहा. ५९.८ टक्क्यांचे ६० करू नका. सीजीपीए असेल तर तुमच्या विद्यापीठाच्या सूत्रानेच टक्के काढा.

दुसरी, अनुभवाची. प्रमाणपत्रावर पदनाम, रुजू झाल्याचा आणि सोडल्याचा दिनांक, कामाचं स्वरूप, पूर्णवेळ की अर्धवेळ, हे सगळं हवं. ओळखीच्या माणसाकडून तीन वर्षांचा अनुभव लिहून आणणारे पुष्कळ असतात. पण तपासणारा ते प्रमाणपत्र एकटं वाचत नाही, शेजारी गुणपत्रिका ठेवतो. नियमित वर्गातली पदवी एका जिल्ह्यात आणि त्याच महिन्यांत पूर्णवेळ नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात, हे लगेच डोळ्यांत भरतं. मग तो पगार जमा झालेलं बँक खातं आणि भविष्य निर्वाह निधीचं पासबुक मागतो, आणि तिथे सगळं उघडं पडतं. दोन वर्षं अभ्यासात गेली असतील तर ती रिकामीच दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरी, लपवण्याची. जास्तीचं शिक्षण लपवणं हेही खोटंच. पंजाब नॅशनल बँकेने शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण, पण पदवीधर नसलेले उमेदवार मागवले होते. एकाने पदवी लपवून नोकरी मिळवली. ती नियुक्ती रद्द करणं योग्यच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. पोलीस केसचंही तसंच. निवड झाल्यावर भरायच्या साक्षांकन नमुन्यात गुन्हा, अटक, खटला यांबद्दल विचारलेलं असतं. आंदोलनातली केस असो की निर्दोष सुटलेली, रकान्यात विचारलं असेल तर लिहा. खरं लिहिलं म्हणून नोकरी मिळेलच असं नाही, कार्यालय तुमची पार्श्वभूमी पाहून ठरवतं. पण २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की माहिती खरीच द्यायची, दडवायची नाही. किरकोळ केस दडवून कायमची नोकरी धोक्यात का घालायची?

चौथी, जातीच्या आणि समांतर आरक्षणाच्या दाखल्यांची. जात, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, दिव्यांग, जो हक्क तुमचा आहे तो ताठ मानेने मागा. जो नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका. 'एकदा चिकटलो की कोण काढतंय' असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. जातीचा दावा अवैध ठरला तर किती वर्षं सेवा झाली यावर नोकरी टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत ठरवलं. विचार करा, पंचेचाळिशीत घराचे हप्ते चालू, मुलं कॉलेजात, आणि हातात सेवासमाप्तीचा आदेश. शिवाय तुम्ही अडवलेल्या जागेसाठी कुणीतरी खऱ्या दाखल्यानिशी रांगेत उभं होतं. त्या लेकराचं वय उलटून गेलेलं असतं. त्याची भरपाई कोणताच आदेश करू शकत नाही.

आता शेवटचं. सगळे मूळ कागद समोर ठेवूनच अर्ज भरायला बसा. ज्या ओळीला कागदाचा आधार नाही, ती लिहू नका. चूक झालीच तर दुरुस्तीच्या मुदतीत सुधारा, मुदत गेली असेल तर लेखी कळवा आणि पोच घ्या. भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवा. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरताना ती शेजारी ठेवा आणि दोन्हींतली प्रत्येक तारीख जुळवून मगच सही करा.