शाळेच्या भिंतीवर ग्रहण

२ ऑगस्ट २०२७, सोमवार, आषाढ अमावास्या. चंद्राची गडद सावली इजिप्तमधल्या लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त काळ राहील. अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर दुपारनंतर सूर्याचा फक्त एक लचका तुटलेला दिसेल. कोकणाला खग्रास मिळालं ते २२ जानेवारी १८९८ रोजी, तेही खाली विजयदुर्गाला. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी तिथे दुर्बिणी लावल्या. त्यासाठी बांधलेले ‘साहेबाचे ओटे’ तिथे अजून दाखवतात. आपलं खंडग्रास, म्हणजे उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघावं असा एकही क्षण यात नाही. एक्स-रेची फिल्म नको, काजळी धरलेली काच नको, ताटातलं पाणीही नको. आयएसओ १२३१२-२ मानकाचे, ओरखडा नसलेले चष्मे चालतील. पण अख्ख्या आळीला एकदम दाखवायचं तर आरसाच बरा.

साहित्य : तळहाताएवढा सपाट आरसा, काळा जाड कागद, चिकटपट्टी, वाळूने भरलेला डबा, पांढरा कागद.

जागा आधी ठरवा, आणि ती पुळणीवर नको. ग्रहण अमावास्येचं, म्हणून समुद्राला उधाण. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा कोळ्यांचा हिशेब. अमावास्या पंधरावी, आणि पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारच्या सुमारास आणि संध्याकाळकडे खोल ओहोटी. तेव्हा कुलाबा किल्ल्याकडे चालत जायचा मोह होईल. ऑगस्टच्या समुद्रात पाय घालू नका. शाळेची पूर्वेकडे तोंड असलेली भिंत बघा; दुपार कलली की ती सावलीत जाते.

काळ्या कागदाला मुगाएवढं, साधारण ५ मिलिमीटरचं छिद्र पाडा आणि तो आरशावर चिकटवा. छिद्र वाकडंतिकडं झालं तरी चालेल, लांबवर प्रतिमा सूर्याच्याच आकाराची पडते. भिंतीपासून १५ मीटरवर, उन्हात, आरसा वाळूच्या डब्यात भिंतीकडे तोंड करून रोवा आणि कवडसा पांढऱ्या कागदावर येईपर्यंत हळूहळू कलता करा. बशीएवढा सूर्य उमटेल, १४ सेंटिमीटरचा. कड धूसर वाटली तर आरसा थोडा मागे न्या, छिद्र मोठं करू नका. आकाश फिरतं तसा कवडसाही सरकतो आणि दोन मिनिटांत आपल्या जागेवरून निघून जातो. म्हणून आरशापाशी एक जाणतं पोर बसवा. त्याने आरसा मागून धरावा, तोंड भिंतीकडे ठेवावं. बाकी कुणी आरशात डोकावू नये, त्यातही सूर्यच आहे. मध्ये दोरी बांधा.

हे सगळं आधी एकदा करून बघा. पावसाळ्यात उघडीप मिळेल तो दिवस तालमीचा. प्रत्यक्ष दिवशी ढग असले तरी मांडामांड सोडू नका. दोन सरींमधलं पाच मिनिटांचं ऊनही पुरतं.

आळीतल्या गरोदर बाईला आत कोंडू नका. ग्रहणाने पोटातल्या बाळाला काही होत नाही. तिच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची ठेवा. ‘दे दान सुटे गिराण’ ही हाळी लहानपणी ऐकलेल्या आजीलाही बोलवा, आणि तिला आठवतं ते पोरांना ऐकू द्या. कागदावर दर दहा मिनिटांनी सूर्याची कड पेन्सिलीने गिरवा, शेजारी वेळ लिहा. लचका कुठून शिरला, कुठून सुटला, ते त्या रेघांवरून कळतं.

बशी पुन्हा पूर्ण झाली की आरसा पालथा करून घरात न्या. दीप अमावास्या आहे, घासलेले दिवे पाटावर मांडायचे असतील.