डोंगरातली सायकल : कस लागतो तिसऱ्या दिवशी

पावसाळा संपून हवेत गारवा आला की नागपूरकरांना सातपुडा खुणावू लागतो. पूर्वी एस. टी.ने चिखलदरा किंवा पचमढी गाठायचे आणि पायी हिंडायचे, अशी पद्धत होती. आता वाटाड्याला सोबत घेऊन तीन-चार दिवस सायकलने जंगल-डोंगर पालथे घालणारी मंडळीही दिसतात. नागपूरचेच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्याच वर्षी रशियातील सैबेरिया पार केला. असे पराक्रम आपल्या आवाक्यातले नसले, तरी चिखलदऱ्याचा घाट साधारण प्रकृतीच्या माणसाला नक्कीच साधतो. मात्र त्यासाठी शरीराचे काही हिशेब आधी समजून घेतले पाहिजेत.

परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा सुमारे ३० किलोमीटर आहे. समुद्रसपाटीपासून चिखलदऱ्याची उंची सुमारे १,१०० मीटर, म्हणजे सातशे मीटरहून अधिक चढ. रविवारी सकाळी चाळीस किलोमीटर सहज मारणारा पहिल्या दिवशी हा चढ हौसेने चढतो. दुसऱ्या दिवशी पाय जड होतात आणि तिसऱ्या दिवशी सेमाडोह-हरिसालकडच्या साध्या चढणीवरही दम लागतो. माणूस तोच, सायकल तीच. मग असे का होते?

शरीराची शिदोरी

आपण खाल्लेल्या पोळी-भातातील साखर ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत आणि यकृतात साठते. हा साठा सुमारे ४०० ते ५०० ग्रॅमचा असतो. दमदार चढावर तो दोन-तीन तासांत बराचसा संपतो आणि पुन्हा भरायला पोटभर खाऊनही जवळजवळ एक दिवस लागतो. रात्री थकव्यामुळे दोन घास खाऊन झोपलेला माणूस सकाळी अर्ध्या भरलेल्या टाकीने निघतो. तिसऱ्या दिवशी ही उधारी अंगावर येते.

म्हणून भूक लागण्याची वाट पाहू नये. दर तासाला एखादे केळे, गूळ-शेंगदाणे, चिक्की किंवा खजूर खावा. मुक्कामी पोचल्यावर तासाभरात काहीतरी पोटात जाऊ द्यावे आणि रात्री वरण-भात-पोळीचे पूर्ण जेवण घ्यावे. पहिल्या दिवशी मुद्दाम हळू चालवावे. चढताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग बरोबर आहे असे समजावे. तुटक शब्द येऊ लागले की हलका गिअर टाकावा.

पाणी आणि मीठ

चढावर तासाला अर्धा ते दीड लिटर घाम जाऊ शकतो. थंड हवेत तो लगेच वाळतो, त्यामुळे लक्षात येत नाही. लघवी गडद पिवळी होणे, डोके दुखणे, चिडचिड होणे ही पाणी कमी पडल्याची चिन्हे. घामाबरोबर मीठही जाते. तासन् तास नुसते साधे पाणी भरमसाट पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटून मळमळ, भोवळ आणि गुंगी येऊ शकते. यावर जलसंजीवनीची पुडी सर्वांत सोपी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा घ्यावा. सिपना नदीचे पाणी कितीही नितळ दिसले, तरी उकळल्याशिवाय पिऊ नये.

सीट, गुडघे आणि उतार

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखण्याचे नेहमीचे कारण म्हणजे सीट खाली असणे. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पेडलवर ठेवली असता पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवावेत. बोटांना मुंग्या आल्यास हँडलवरील हातांची जागा बदलत राहावी. बैठकीच्या जागी कातडे सोलवटू नये म्हणून रोज आंघोळ करून कोरडी, धुतलेली चड्डी घालावी.

घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नये. रिम तापते. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत-सोडत, वळणाच्या आधीच वेग कमी करावा. हेल्मेट चढावरही डोक्यावर असावे.

वाटाड्याला विचारावयाचे प्रश्न

मेळघाट हा १९७३-७४ सालापासूनचा व्याघ्रप्रकल्प आहे. तेथे वन विभागाची परवानगी असेल त्याच रस्त्याने जाता येते. पहाटे आणि सायंकाळनंतर सायकलवर असू नये. अस्वलाची गाठ पडण्याचीही हीच वेळ. पैसे भरण्यापूर्वी विचारावे : मागे गाडी असेल का? प्रथमोपचाराची पेटी कोणाजवळ राहील? दमलेल्याला गाडीत बसवण्याचा शेवटचा शब्द कोणाचा? मोबाइल लागत नसेल तेथे काय करणार? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण जंगलात सगळीकडे रेंज नसते. परतवाडा-अचलपूर आणि धारणी येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. आपण त्यांपैकी कोणाच्या जवळ आहोत, हे वाटाड्याला रोज माहीत असले पाहिजे.

आधी तपासणी कोणी करावी?

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा चालताना छातीत दुखण्याची तक्रार असणाऱ्यांनी डॉक्टरांना भेटल्याशिवाय नाव नोंदवू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांची साखर श्रमाने एकदम उतरू शकते. गोळ्यांचे प्रमाण आधी ठरवून घ्यावे.

विदर्भातील वाचकांनी सिकलसेलची तपासणी अवश्य करावी. या आजाराच्या रुग्णाला पाण्याची कमतरता, थंडी आणि अतिश्रम या तिन्ही गोष्टी वेदनांचा झटका आणू शकतात, आणि अशा सफरीत तिन्ही एकत्र येतात. वाहक व्यक्ती एरवी निरोगी असतात. तरी त्यांनीही चुरशीने दौडू नये आणि पाणी चुकवू नये.

तयारी सहा ते आठ आठवडे आधी सुरू करावी. आठवड्यातून तीन-चार दिवस सायकल, त्यात सेमिनरी हिल्सचा किंवा रामटेकच्या गडाचा चढ. शेवटच्या महिन्यात शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन दिवस लांब पल्ला मारून पाहावा. सोमवारी अंग कसे आहे, त्यावरून आपली तयारी कळते.

परतल्यावरचा ताप

सफर संपली तरी दोन-तीन आठवडे सावध असावे. मेळघाटात हिवताप आहे. गवत-झुडपांतील चिगर नावाच्या अतिशय बारीक किड्याच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात त्याची साथ आली होती आणि त्यात बळीही गेले. ताप चाव्यानंतर सहा ते एकवीस दिवसांनी येतो. काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते. काहींना ती दिसतही नाही. वेळीच निदान झाले तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने रुग्ण बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, गवतावर लोळू नये आणि मुक्कामी पोचताच साबणाने आंघोळ करावी.

तरीही ताप आलाच, तर तो थकव्याचा म्हणून अंगावर काढू नये. डॉक्टरांकडे जाताच पहिले वाक्य हे सांगावे : "मी अमुक तारखेला मेळघाटच्या जंगलात होतो." एवढ्या एका वाक्याने निदानाचे कित्येक दिवस वाचतात, आणि प्रसंगी जीवही.