वजन उतरतंय, पण नेमकं काय उतरतंय?

जिम सुरू केली, जेवण निम्म्यावर आणलं आणि पहिल्याच आठवड्यात काटा दोन किलोंनी खाली आला. आनंद होणारच! पण त्यात चरबी किती?

साधा हिशेब करू. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली, तर ती जायला पंधरा दिवस लागतात. मग हे दोन किलो कसले? बरंचसं पाणी. स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा आटला की पाणीही जातं.

खरा धोका पुढे आहे. तूट मोठी आणि प्रथिनं कमी असली की शरीर स्नायूही मोडू लागतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात ४० तरुणांनी चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी घेऊन कसून व्यायाम केला. वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांची ३.५ किलो चरबी घटली, स्नायू जेमतेम टिकले. २.४ ग्रॅम घेणाऱ्यांची ४.८ किलो चरबी घटली, शिवाय चरबीविरहित वजन १.२ किलोंनी वाढलं.

म्हणून तूट बेताची ठेवा आणि प्रत्येक जेवणात डाळ, दही, पनीर, अंडी किंवा मासे असू द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि काट्याबरोबरच उचललेल्या वजनांचीही नोंद ठेवा. ती सतत घसरत असतील, तर तुमचं जेवण कमी पडतंय.