भाव चढला, गिऱ्हाईक कुठाय?

छोटे, काल फोनवर तू घाईत होतीस म्हणून गप्प बसले. पवनारकडचा प्लॉट, बारा लाख, त्यातले दहा बँकेच्या प्लॉट-कर्जाचे आणि इसार उद्याच द्यायचा म्हणतेस. जावईबापू खूश आहेत, तेही खरं. तरी इसाराचे पैसे दोन दिवस पर्समध्येच राहू दे.

मी हे करून बसले आहे, बाई. समृद्धी महामार्गाचं काम चालू होतं तेव्हा एजंटानं आम्हाला एसी गाडीतून सेलूकडे नेलं. वावरात चुन्याच्या रेघा, चार कोपऱ्यांना दगड. "ताई, समृद्धीला टच!" टच म्हणजे काय, हे 11 डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी रस्ता सुरू झाल्यावर कळलं. त्या रस्त्यावर फक्त इंटरचेंजवरूनच चढता येतं, बाकी सगळीकडे कुंपण. माझ्या प्लॉटवरून गाड्या छान दिसतात, बस्स. तुला आता शक्तिपीठ महामार्गाचं नाव सांगताहेत. पवनारहून गोव्याच्या सीमेपर्यंतचा तो नियोजित रस्ताही तसाच द्रुतगती आहे, तेव्हा चढायचं कुठून, हे आधी विचार.

भाव वाढला नाही असं नाही. विचारलं तर एजंट दीडपट सांगतो. पण विकायला काढल्यावर दोन वर्षांत तीन माणसं आली. त्यातल्या एकानं तर पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल रुतली तशी ती तिथंच सोडली आणि गाडीत जाऊन बसला.

आता हिशोब बघ. दहा लाख, नऊ टक्के, पंधरा वर्षं: हप्ता दहा हजार एकशे त्रेचाळीस. पहिल्या महिन्यात त्यातले साडेसात हजार नुसतं व्याज. पाच वर्षांत तू सहा लाखांवर भरशील आणि मुद्दल फिटेल फक्त दोन लाख. घर घेतलं तर भाडं तरी येतं. प्लॉटवर उगवतात ती बाभळीची झुडपं. म्हणून मी एवढंच विचारते: भाव एक रुपयाही वाढला नाही, तरी तुमच्या दोघांच्या पगारातून हा हप्ता कुरकुर न करता निघेल का? निघत असेल तर घे, मी अडवणार नाही.

आणि ते वरचे दोन लाख पर्सनल लोन काढून भरायचे, हे कुणाच्या डोक्यातून आलं? एजंटाच्याच ना? बँक प्लॉटला कर्ज देताना जमीन बिगरशेती (एनए) असल्याचा पुरावा, मंजूर लेआउट, शोध अहवाल सगळं मागते. "बँकेची कटकट नको ताई, पर्सनल लोन घ्या" असं कुणी म्हणालं, की माझ्या पोटात गोळा येतो. बँकेनं नाही म्हणणं म्हणजे फुकटात मिळालेला वकिलाचा सल्ला समज. सातबारा तूच काढ, त्यानं दिलेली झेरॉक्स नको. इतर हक्कांच्या रकान्यात बोजा आहे का, जमीन भोगवटादार वर्ग 2 ची तर नाही, ते बघ. आणि मंजूर लेआउटशिवाय एक गुंठा, दोन गुंठे असले तुकडे कुणी गळ्यात मारत असेल तर तिथूनच परत फिर.

हे सगळं तुझ्या दाजींना तेव्हा मी सांगू शकले नाही, कारण मलाही हवा होता तो प्लॉट. "वर्ध्यात माझी जमीन" म्हणायची हौस, दुसरं काय!

रविवारी ये. सातबारा आणि लेआउटचा नकाशा घेऊन ये, आणि येताना गोरसपाकाचा पुडाही आण.