पडत्या अणूंची परीक्षा

हवेचा अडथळा नसेल, तर लोखंडाचा गोळा व लाकडाचा गोळा एकाच उंचीवरून सोडले असता एकाच क्षणी भूमीवर पोहोचतात, हे शाळेतील विद्यार्थ्यांस ठाऊक असते. ज्या वस्तुमानामुळे वस्तूस वजन येते, तेच तिच्या गतीतील बदलास विरोध करते. म्हणून हलक्या व जड वस्तू सारख्याच त्वरणाने पडतात. यास समतुल्यतेचे तत्त्व म्हणतात. आइन्स्टाइन यांनी १९१५ साली मांडलेला व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत याच पायावर उभा आहे. या समतेत यत्किंचित जरी न्यूनाधिक्य आढळले, तरी तो पाया नव्याने तपासावा लागेल.

ही परीक्षा आता अणूंवरही घेता येते. द्रव्याच्या प्रत्येक कणास तरंगाचे गुण असतात, ही गोष्ट लुई द ब्रॉय यांनी १९२४ सालच्या प्रबंधात मांडली. परंतु सामान्य तापमानास रुबिडियमचे अणू सेकंदास सुमारे ३०० मीटर वेगाने स्वैर धावत असतात. लेसर-किरणांनी त्यांना थोपवून, पुढे आणखी निववून, केवल शून्याहून अवघा एक दशलक्षांश अंश वर आणले, म्हणजे हा वेग दोन सेंटिमीटरांच्या आत येतो. मग अणूंचा ढग विखुरण्यापूर्वी निरीक्षणास पुरेसा अवधी मिळतो.

निर्वात नळीतून जाणाऱ्या या ढगावर लेसरचे तीन स्पंद टाकतात. पहिल्या स्पंदाने प्रत्येक अणूचा तरंग दुभंगतो; एका भागास सेकंदास सुमारे १२ मिलिमीटर अधिक वेग मिळतो. दुसरा स्पंद दोन्ही भागांच्या वेगांची अदलाबदल करतो, म्हणून दुरावलेले भाग पुन्हा जवळ येतात. तिसरा स्पंद त्यांचा मिलाफ घडवितो. तेथे शिखरावर शिखर पडते की शिखरावर दरी, यावरून किती अणू कोणत्या स्थितीत सापडतील हे ठरते. हेच अणूंचे व्यतिकरण होय. लागोपाठच्या स्पंदांत एक दशांश सेकंदाचे अंतर ठेवल्यास गुरुत्वामुळे सुमारे अडीच लाख व्यतिकरण-पट्टे सरकतात. अंतर दुप्पट केल्यास ही संख्या चौपट होते. एका पट्ट्याचा लहानसा अंशही मोजता येतो, यावरून या रीतीची सूक्ष्मता ध्यानात येईल. मार्क कासेविच व स्टीव्हन चू यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९१ साली सोडियमच्या अणूंवर ही रीत यशस्वी करून दाखविली.

पुढे त्याच विद्यापीठात सुमारे १० मीटर उंचीची निर्वात नळी उभारण्यात आली. तीत रुबिडियम-८५ व रुबिडियम-८७ यांचे अणू एकाच वेळी वर उडवून खाली पडू दिले. दोहोंत फरक एवढाच, की दुसऱ्याच्या केंद्रकात दोन न्यूट्रॉन अधिक असतात. दोन्ही ढगांवर एकच लेसर-किरण टाकल्याने यंत्राच्या कंपनांचा परिणाम तुलनेतून जवळजवळ वगळला जातो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, एक लक्ष कोटीतील काही भागांच्या मर्यादेपर्यंत दोहोंच्या त्वरणांत फरक आढळला नाही.

'मायक्रोस्कोप' उपग्रहात धातूंच्या पिंडांवर केलेली, २०२२ साली प्रसिद्ध झालेली परीक्षा याहून सुमारे हजारपट सूक्ष्म आहे. तिचेही उत्तर तेच आले. तथापि अणूंचा एक विशेष लाभ आहे: धातूचा पिंड घडविताना त्यात उणेअधिक राहू शकते, एकाच समस्थानिकाचे सर्व अणू मात्र निसर्गतःच तंतोतंत सारखे असतात. शिवाय पडण्याचा अवधी वाढेल तशी सूक्ष्मता वाढते. म्हणूनच अवकाशात, जेथे ढगास तळ गाठण्याची घाई नसते, तेथे असे प्रयोग करण्याची खटपट चालू आहे. तोवर गॅलिलिओच्या काळापासून चालत आलेल्या प्रश्नाचे उत्तर बदललेले नाही. ते अधिकाधिक पक्के होत आहे.