राहेलचे रडणे
वचनपाठ : मत्तय २:१६-१८

शब्बाथशाळेच्या नाताळ-नाटिकेत मागी लोकांनी भेटी अर्पण केल्या की आपण पडदा पाडतो. पुढे हेरोद बेथलेहेमातली बालके मारवतो. ती वचने मुलांपुढे नकोत, असे आम्हीही पुष्कळ वर्षे म्हणत आलो. मत्तयाने मात्र ती गाळली नाहीत. सांत्वन नाकारणाऱ्या राहेलला त्याने गप्पही केले नाही.

हे आम्ही भोपाळहून लिहितो. येथे २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला व हजारो माणसे दगावली. कारखान्यासमोर रस्त्याकडेला आई व मुलांचा पुतळा आहे. रुथ वॉटरमन या डच शिल्पकर्तीने तो घडवला. खालच्या लेखात भोपाळच्या जोडीला हिरोशिमाचे नाव आहे. (१९४५ साली तेथे युद्ध तरी चालू होते!) त्या आईसमोरून आम्ही कितीदा नाताळच्या खरेदीला गेलो, मान वर न करता.

३ डिसेंबर दरवर्षी आगमनकाळातच येतो. शिक्षकबंधुभगिनींनो, त्या आठवड्यात हाच पाठ घ्या. योसेफाला स्वप्नात सावध केले, मग बाकीच्या आईबापांना का नाही, असे एखादे मूल विचारील. आमच्याजवळ त्याचे उत्तर नाही. पण तेव्हा घाईघाईने गीत सुरू करू नका.