अन्नसाहाय्य आणि कामाची अट

शासनाकडून धान्य अथवा धान्यापुरती मजुरी घेणाऱ्याने मोबदल्यात काम केलेच पाहिजे काय, हा प्रश्न जुना आहे. कष्टाविना मिळालेले अन्न माणसास परावलंबी बनविते, असे एक मत आहे. भुकेल्या माणसास अट घालणेच गैर, असे दुसरे मत आहे. महाराष्ट्राने गेल्या सुमारे दीडशे वर्षांत ही अट निरनिराळ्या रूपांत पाहिली आहे. ती माणसांना परत पाठविण्यासाठी घातली आहे, की त्यांना हक्काने कामावर घेण्यासाठी, यावरच तिचे बरेवाईटपण ठरते, असे या अनुभवावरून दिसून येते.

गरजेची कसोटी

१८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत आणि दख्खनच्या पठारावर भीषण दुष्काळ पडला. मुंबई इलाख्यात रस्ते, तलाव, कालवे व लोहमार्ग यांची कामे काढण्यात आली. काम हीच गरजेची कसोटी मानली गेली. जो खरोखर भुकेला असेल तो कमी मजुरीत आणि घरापासून दूर जाऊनही राबेल, अशी त्यामागील धारणा होती.

१८७७ च्या प्रारंभी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी काटकसरीसाठी मजुरी घटविली. प्रौढ पुरुषास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, धान्य येईल एवढी रक्कम व वर किरकोळ रोकड, असे हे प्रमाण होते. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्यास विरोध केला. कष्टकऱ्यास निदान दीड पौंड धान्य आणि जोडीला डाळ व भाजीपाला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी मद्रासमध्ये हे प्रमाण वाढवावे लागले. मुंबई इलाख्यात घटविलेली मजुरी व दूरच्या कामांवर जाण्याची सक्ती यांमुळे हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

या कसोटीत मूळचाच एक दोष होता. उपासाने खंगलेल्या माणसाच्या अंगी कुदळ उचलण्याचे बळ उरत नाही. त्यामुळे ज्यास मदतीची गरज सर्वांत अधिक, तोच कसोटीत प्रथम नापास होई.

दुष्काळ संहिता

सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला. त्याआधारे १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा झाला व पुढे इलाख्यांनी आपापल्या संहिता तयार केल्या. सशक्तांना काम आणि वृद्ध, अपंग, आजारी यांना गावातच विनामोबदला मदत, अशी विभागणी त्यात होती. मात्र संहिता कागदावर असणे आणि ती गावकऱ्यास ठाऊक असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून संहितेतील तरतुदी शेतकऱ्यांना समजावून दिल्या. सरकारची मदत ही मेहेरबानी नसून नियमाने मिळणारी गोष्ट आहे, ही जाणीव त्यातून पसरली.

बहात्तरचा दुष्काळ

१९७० पासून राज्यात पाऊस अपुरा पडत होता. १९७२ मध्ये तर खरीप हातचा गेला. शासनाने पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते व खडी फोडण्याची कामे गावोगाव काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. कामांवरील सुकडी आणि रेशनवरील परदेशी मिलो यांची आठवण जुनी माणसे आजही काढतात. येथेही अट कामाचीच होती. परंतु काम मागणाऱ्यास परत पाठवू नये असे धोरण होते व कामे शक्यतो गावाजवळ होती. पूर्वीच्या दुष्काळांप्रमाणे मोठी प्राणहानी झाली नाही, यात या कामांचा वाटा मोठा होता.

विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेने हा विचार पुढे नेला. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन त्याने शासनावर घातले. योजनेच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर घेण्यात येऊ लागला. शहरातील नोकरदाराचा पैसा खेड्यातील मजुराच्या हाती जाऊ लागला. पूर्वी अट केवळ मजुरावर होती. आता शासनावरही आली. २००५ मध्ये संसदेने केलेल्या रोजगार हमी कायद्यास हा अनुभव उपयोगी पडला.

काम न करू शकणारे

कामाची हमी कितीही चांगली असली, तरी ती सर्वांना पुरत नाही. अंथरुणास खिळलेला वृद्ध, नुकतीच बाळंत झालेली स्त्री, अपंग, निराधार विधवा यांच्यासाठी वेगळी वाट हवी. १९८० मध्ये राज्यात सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना ही अशीच वाट होय. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला. त्यास कामाची अट जोडली नाही. पोटापुरते धान्य हा हक्क आणि त्यावरील गरजांसाठी मागेल त्याला काम, अशी ही दोन अंगे आहेत.

गावपातळीवरील दक्षता

कायदा नीट चालतो की नाही, हे कामाच्या जागी कळते. काम मागणाऱ्यास तारखेची पोच मिळाली नाही, तर पंधरा दिवस कोठून मोजावयाचे, हेच ठरत नाही. मोजमाप मजुरांसमक्ष झाले नाही, तर संशयास जागा राहते. हजेरीपट वेळेवर पोचला नाही, तर मजुरी लांबते. आणि ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही, त्यास महिन्याने मिळालेली मजुरी म्हणजे सावकाराचे देणे होय. पाणी, सावली व तान्ह्या मुलांची सोय नसेल, तर स्त्रिया कामावर येऊनही टिकू शकत नाहीत.

काम सुरू होण्यापूर्वीच ग्रामपंचायतीने काम करू न शकणाऱ्यांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. शिक्षकांनी निरक्षर मजुरांना मागणीचा अर्ज भरून द्यावा. शाळेतून अचानक गळालेल्या मुलांच्या घरची चौकशी करावी. टंचाईची पहिली खूण पुष्कळदा शाळेच्या हजेरीतच दिसते. अधिकाऱ्यांनी कामावर किती मजूर आले एवढेच न पाहता कोण आले नाही, हेही विचारावे. न आलेल्याच्या घरी चूल पेटली आहे की नाही, याचे उत्तर मिळाल्यावरच त्या गावातील मदतकार्य पूर्ण झाले असे म्हणता येईल.